ताई चीच्या फॉर्ममध्ये गुडघा पुन्हा पुन्हा दुखतो? आधी पाऊल आणि जांघ तपासा

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. २४ हालचालींचा फॉर्म, म्हणजे ठरलेल्या क्रमाने सावकाश करायची हालचालींची मालिका, पाठ झालाय, हात कुठे न्यायचे ते आता आठवावं लागत नाही, म्हणून माणूस जरा खाली बसून, जरा मोठी पावलं टाकून करायला लागतो. मग एका गुडघ्यात कळ येते. आठवडाभर सुटी, मलम, शेक, नी-कॅप. बरं वाटतं. पुन्हा सुरू केलं की पंधरवड्यात तीच जागा, तीच कळ. काही जण इथेच ताई ची सोडतात आणि ‘आमच्या गुडघ्यांना ते मानवलं नाही’ म्हणतात.

यातला चमत्कारिक भाग असा की गुडघ्यासाठी डॉक्टर ज्या थोड्या व्यायामांची नावं घेतात, त्यांत ताई ची आहे. बॉस्टनच्या टफ्ट्स मेडिकल सेंटरमधल्या संशोधकांनी गुडघ्याच्या संधिवाताच्या २०४ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली ताई ची शिकवली. दुसऱ्या गटाला फिजिओथेरपी दिली. दुखणं दोन्हीकडे जवळपास सारखंच कमी झालं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने गुडघ्याच्या संधिवातासाठी ताई चीची ठाम शिफारसही केली. आणि तरीही खुद्द चीनमध्ये ‘ताईची-गुडघा’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग रूढ आहे, इतकं हे दुखणं सरावणाऱ्यांमध्ये ओळखीचं आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. गुडघा कितीही वेळ वाकवा-सरळ करा, तो कुरकुरत नाही. वाकलेल्या आणि भार घेतलेल्या अवस्थेत त्याला पिळलं की कुरकुरतो. फॉर्म तोच, पण पिळायच्या जागा त्यात पुष्कळ आहेत.

गुडघा मुळात बिजागरीसारखा सांधा. वाकलेला असताना थोडासा फिरतोही, पण वर अख्ख्या शरीराचं वजन असताना फिरवलं तर तो पीळ आतल्या गादीवर, म्हणजे मेनिस्कसवर, आणि आतल्या बाजूच्या लिगामेंटवर जातो. फिरण्यासाठी बनलेला सांधा त्याच्या वर आहे, जांघेत. आणि जमिनीवरची दिशा ठरते पावलाने. पाऊल एकीकडे बघतंय, कंबर दुसरीकडे, आणि जांघ वळायला तयार नाही, अशा वेळी तो फरक भरून काढायला मधे गुडघाच उरतो. म्हणून नी-कॅपने ऊब मिळेल, धीर येईल, पण दुखणं परत येईल.

आधी हे बघा

गुडघा सुजलाय, गरम लागतोय, मधेच अडकतो आणि सरळ होत नाही, जिना उतरताना अचानक दगा देतो, रात्री पडल्यावरही ठणकतो, किंवा पडल्यामुळे नाहीतर मुरगळल्यामुळे दुखणं सुरू झालंय – यातलं काहीही असेल तर हा लेख नंतर वाचा, आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. खालचं सगळं त्या दुखण्यासाठी आहे जे सरावात येतं, सराव थांबवला की जातं, आणि पुन्हा येतं.

मग कळ नेमकी कुठे आहे ते बोटाने दाखवा. ‘गुडघा दुखतो’ एवढ्यावर काही ठरत नाही. आतल्या बाजूला असेल तर पीळ किंवा गुडघा आत कोसळणं. वाटीच्या भोवती, समोर असेल तर बहुधा फार खाली बसणं, किंवा गुडघा अंगठ्याच्या पुढे जाणं. बाहेरच्या बाजूला असेल तर गुडघे मुद्दाम बाहेर ढकलण्याची सवय. घोडास्वार-स्टान्समध्ये, म्हणजे पाय फाकवून घोड्यावर बसल्यासारखं उभं राहण्याच्या माबूमध्ये, ‘गोल करा, गोल करा’ असं सतत ऐकलेल्यांत ती दिसते. मागच्या खळग्यात असेल तर मागचा पाय कडक ताणून कुलूप घालताय का ते बघा. ही वाटणी ढोबळ आहे. पण कुठून सुरुवात करायची ते त्यावरून कळतं.

टिकली आणि मोबाइल

हाफ पँट घाला किंवा पँट वर दुमडा. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्यांवर मधोमध एकेक टिकली चिकटवा. मोबाइल समोर, गुडघ्याच्या उंचीवर, स्टुलावर ठेवा. वरून काढलेल्या व्हिडिओत काही दिसत नाही. आता नेहमीच्या वेगाने फॉर्म करा आणि नंतर हातांकडे अजिबात न बघता फक्त टिकल्या बघा. टिकली पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवी. ती अंगठ्याच्या आत सरकली, किंवा पाऊल स्थिर असताना एकदम झटका घेऊन वळली, की तो क्षण लिहून ठेवा. संपूर्ण फॉर्ममध्ये असे क्षण थोडेच निघतात आणि ते दर वेळी त्याच हालचालींत असतात. ही चांगली बातमी आहे. दुरुस्ती तेवढ्याच जागी करायची असते.

आरशासमोर हे जमत नाही, कारण आरशात बघताना मान वळते आणि मानेमागोमाग सगळंच बदलतं.

सगळ्यात मोठा गुन्हेगार: भरलेलं पाऊल फिरवणं

ग्रास्प द स्पॅरोज टेल या हालचालीवरून सिंगल व्हिप या पुढच्या हालचालीकडे जातानाचं वळण घ्या. २४च्या फॉर्ममध्ये उजवीकडचं ढकलणं संपतं तेव्हा तुम्ही उजव्या बो-स्टान्समध्ये, म्हणजे गोंगबूमध्ये आहात (उजवा पाय पुढे वाकलेला, डावा मागे); उजवं पाऊल पश्चिमेकडे आहे, आणि सिंगल व्हिप जायचाय पूर्वेकडे. उजव्या पावलाला नव्वद अंशांहून अधिक आत वळायचंय. पुस्तकातला क्रम असा: आधी मागे, डाव्या पायावर बसा, उजवा पाय रिकामा झाला की टाचेवर त्याचे चवडे आत वळवा, मग भार परत उजव्यावर आणा, मग डावं पाऊल जवळ घ्या आणि टाका. वर्गात घाई झाली की पहिला भाग अर्धवट होतो. भार निम्मा अजून उजव्यावरच असतो, कंबर हातांबरोबर डावीकडे निघालेली असते, आणि पाऊल रबरी सोलने फरशीला चिकटलेलं. उरतो गुडघा.

यांग शैलीचे गुरू यांग चंगफू यांनी सांगितलेल्या आणि त्यांचे शिष्य चेन वेईमिंग यांनी लिहून ठेवलेल्या दहा सूत्रांत भरलेलं आणि रिकामं वेगळं ओळखणं हे एक सूत्र आहे. सगळा भार उजव्या पायावर असेल तर उजवा भरलेला, डावा रिकामा. वर्गात हे सूत्र फार गूढ करून सांगतात, यिन आणि यांगपासून सुरुवात होते. गुडघ्यापुरता त्याचा अर्थ रोकडा आहे: फिरवायचं ते पाऊल रिकामं हवं. काही घराण्यांत भार पुढच्या पायावर ठेवूनच वळतात, आणि तेही चुकीचं नाही, पण त्यासाठी जांघ मोकळी आणि मांडी तयार लागते. दुखऱ्या गुडघ्याने ते करू नका. बरं झाल्यावर शिक्षकांकडून शिका.

चाचणी सोपी. मागे बसल्यावर, पाऊल फिरवण्याआधी, पुढचे चवडे जमिनीवरून सहज उचलता येतात का? उचलताना अंग पुढे झुकलं किंवा नितंब मागे निघाले तर पाऊल अजून रिकामं झालेलं नाही. अजून बसा. तेवढं बसणं जमत नसेल तर पाऊल लांब पडलंय. पुढच्या वेळी आखूड टाका.

आणखी एक अडचण. जांघेतून पाय आतल्या बाजूला वळण्याला मर्यादा असते, बऱ्याच जणांत तीस-चाळीस अंशांच्या आसपास. बाकीचं वळण धडाने पावलाबरोबर फिरून द्यायचं. धड मागे राहिलं आणि पाऊल हट्टाने एकशे पस्तीस अंश फिरवलं, तर पाऊल रिकामं असूनही पीळ पडतोच. जेवढं सहज जातं तेवढंच आत घ्या. सिंगल व्हिपचं डावं पाऊल पडून भार तिकडे गेला की उजवी टाच थोडी मागे सरकवून कोन दुरुस्त करता येतो. पुष्कळ लोक हे सरकवणं चूक समजून टाळतात; २४च्या फॉर्ममध्ये मागच्या टाचेचं असं समायोजन नेहमीच होतं.

ब्रश नी या हालचालीत हाच प्रश्न उलटा येतो. पुढच्या पावलाला ४५ अंश बाहेर वळायचं असतं आणि तिथेही आधी थोडं मागे बसायचं असतं. फॉर्ममध्ये ब्रश नी एकामागोमाग तीनदा येतो, यांग घराण्याच्या लांब पारंपरिक फॉर्ममध्ये त्याहून पुष्कळदा. लांब फॉर्म शिकायला घेतल्यावर गुडघा दुखायला लागला असेल तर ही गोष्ट लक्षात घ्या: लहानशी चूक तीच, पण एका सरावात तिची आवर्तनं कितीतरी वाढली.

मागचा गुडघा

पुढच्या गुडघ्याबद्दल सगळे बोलतात: अंगठ्याच्या पुढे जाऊ देऊ नका. खरंच आहे. यांग चंगफूंच्या १९३४च्या पुस्तकातली छायाचित्रं पाहिली तर एवढ्या भरदार देहाच्या माणसाचीही पुढची नडगी जवळपास उभी दिसते. पण दुखणारा गुडघा मागचा असेल तर? तो फारसा कोणी बघत नाही.

गोंगबूमध्ये मागचं पाऊल ४५ ते ६० अंशांत तिरकं असावं. पाऊल टाकायच्या आधी ते नव्वद अंशांत, थेट बाजूला राहिलं आणि त्यानंतर कंबर समोर आणली, की मागचा गुडघा आत पडतो. व्हिडिओत टिकली स्पष्ट दिसेल: पाऊल बाहेर, टिकली आत. उपाय दोन. एक, वर सांगितल्याप्रमाणे टाच मागे सरकवून पाऊल आत घ्या. दोन, रुंदी वाढवा. ब्रश नीमध्ये दोन्ही टाचांमधलं आडवं अंतर साधारण ३० सेंमी धरलं जातं. नवशिके एकाच रेषेत पावलं टाकतात, दोरीवर चालल्यासारखे दिसतात, तोल जायला लागतो आणि तो सावरण्याचं काम दोन्ही गुडघे करतात. खडूने फरशीवर दोन समांतर रेघा मारा. डावं पाऊल डाव्या रेघेवर, उजवं उजव्या. आठवडाभर तेवढंच, हातांशिवाय, हात कमरेवर ठेवून. कंटाळवाणं आहे. पण माझ्या मते या एका सरावाने जितके गुडघे सुधारतात तितके दुसऱ्या कशानेच नाही.

ग्रास्प द स्पॅरोज टेलमध्ये हेच अंतर बरंच कमी, १० सेंमीच्या आत सांगतात. गुडघा दुखतोय तोवर तिथेही थोडं जास्त घ्या. दिसायला फरक पडेल, पडू द्या.

क्लाउड हँड्स आणि न वळणारी जांघ

क्लाउड हँड्स या बाजूला सरकत जाणाऱ्या हालचालीत पावलं समांतर असतात, जवळ आली की दोहोंत १० ते २० सेंमी अंतर. हात ढगांसारखे फिरतात, कंबर डावी-उजवी वळते. इथे टिकल्या जवळपास जागेवर राहायला हव्यात. बऱ्याच जणांच्या त्या गाडीच्या वायपरसारख्या हलतात, कारण ‘कमरेतून वळा’ ऐकल्यावर ते पोटापासून गुडघ्यापर्यंत सगळंच वळवतात. कमरेचा अर्थ इथे पोटाचा पट्टा असा न घेता जांघेची घडी असा घ्यायचा. चिनी शिक्षक तिला ख्वा म्हणतात आणि ‘ख्वा सोडा’ हे दिवसातून शंभरदा सांगतात.

ते सोडायचं कसं? पावलं खांद्याएवढ्या अंतरावर, गुडघे किंचित वाकलेले. दोन्ही हातांच्या कडा जांघेच्या घडीत, जिथे मांडी धडाला मिळते तिथे, ठेवा. उजवीकडे भार नेताना उजवी घडी हाताला दाबून घेईल आणि डावी उघडेल इतपतच वळा. गुडघा हलला की तिथेच थांबा. तीच तुमची आजची मर्यादा. बहुतेकांची ती अपेक्षेपेक्षा फारच कमी निघते आणि मन खट्टू होतं. मांडी घालून बसायची सवय असलेल्यांची जांघ बाहेरच्या बाजूला चांगली उघडते, पण आत वळताना तीच माणसं अडतात, त्यामुळे ‘मला तर पद्मासन जमतं’ हे इथे कामाला येत नाही.

क्लाउड हँड्समध्ये आणखी एक खोड: बाजूला टाकलेल्या पावलाचे चवडे बाहेर उघडे पडतात. समांतर ठेवा.

किती खाली?

थोडक्यात: दुखतंय तोवर उभ्याने करा. जुन्या परंपरेतही उंच, मध्यम आणि खालचा असे स्टान्स आहेतच. सुन लूथांग (१८६०–१९३३) यांच्या सुन शैलीत तर सगळा फॉर्मच उंच स्टान्समध्ये आणि मागचं पाऊल पुढच्यामागे ओढून घेत चालतो. संधिवाताच्या रुग्णांसाठी बनवलेल्या ताई चीत तिचाच आधार घेतला गेला, तो उगीच नाही. गुडघा जितका जास्त वाकतो तितका वाटीखालचा दाब वाढतो. खाली बसल्याने फॉर्म खरा होतो हा समज स्पर्धांचे व्हिडिओ पाहून आलाय. त्यातली मुलं विशीतली असतात.

स्नेक क्रीप्स डाउन, म्हणजे एका पायावर खोल बसण्याची हालचाल, काही काळ सोडूनच द्या. हात खाली न्या, अंग अर्ध्यावर थांबवा. पुढे जेव्हा पुन्हा कराल तेव्हा बसणाऱ्या पायाचे चवडे थोडे बाहेर वळलेले हवेत आणि गुडघा त्याच दिशेने. चवडे समोर आणि गुडघा बाजूला अशा अवस्थेत खाली बसणं म्हणजे दुखणं विकत घेणं.

चेन शैलीवाल्यांसाठी वेगळी सूचना. ‘लाओ-च्या यीलू’ या चेन शैलीच्या जुन्या फॉर्मच्या सुरुवातीलाच जोराने पाऊल आपटण्याची हालचाल येते. चेन शैली जिथली त्या चेनच्याकोउ गावात ती पूर्वी मातीच्या अंगणात व्हायची. आपल्याकडे गच्चीच्या काँक्रीटवर किंवा शहाबादी फरशीवर तसंच आपटलं तर हादरा टाचेतून सरळ वर जातो. पाऊल आवाज न करता ठेवा. ताकद कमी वाटली तरी चालेल.

बुटांचं लवकर उरकतो. जाड, मऊ, पकड असलेले रनिंग शूज नकोत. ते पाऊल फिरू देत नाहीत आणि तळवा डळमळतो. पातळ, सपाट सोलचे कॅनव्हास बूट बरे. अनवाणी चालेल, पण घामट पावलं गुळगुळीत फरशीवर चिकटतात, तेव्हा पातळ मोजे घालून टाचेवर फिरता येतं का ते बघा. आणि घसरत असेल तर लगेच काढा.

परत सुरुवात कशी करायची

इथेच दुखणं परत येण्याचं खरं कारण आहे. सुटे तुकडे दुरुस्त होतात, आणि मग माणूस एकदम संपूर्ण फॉर्म करतो, संगीतावर, वर्गातल्या सगळ्यांबरोबर. लक्ष पुन्हा हातांकडे जातं, शरीर जुन्या खोडीवर येतं. वर्गात आपण पुढच्याच्या पाठीमागे उभं राहून शिकलेलो असतो आणि पाठीमागून फक्त हात दिसतात, भार दिसत नाही. म्हणून हातांची स्मृती पक्की आणि पायांची कच्ची.

तेव्हा आधी रोज थोडा वेळ चान च्वांग, म्हणजे स्थिर उभं राहणं, उंच स्टान्समध्ये, गुडघे जेमतेम सोडून. मग हातांशिवाय चाल. मग व्हिडिओत सापडलेल्या दोन-तीन जागा, प्रत्येकीच्या आधीची आणि नंतरची एकेक हालचाल जोडून. त्या जागी टिकली शांत राहिली की मगच हात जोडा, आणि मगच पूर्ण फॉर्म, तोही एकदाच. सोबत मांडी आणि नितंब बळकट करणारं काहीतरी हवं: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, कुशीवर पडून वरचा पाय सरळ उचलणं. नितंबाच्या बाजूचा स्नायू दुबळा असेल तर गुडघा आत पडायचा थांबत नाही, कितीही लक्ष दिलं तरी.

सरावात किंचित जाणवलं आणि रात्रीपर्यंत विरलं, तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना आठवण झाली तर कालचं प्रमाण जास्त झालं. एक पायरी मागे या. एका वेळी एकच बदल करा. बूट, रुंदी आणि स्टान्स एकाच दिवशी बदलले तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

शिक्षकांना स्पष्ट सांगा की मी सध्या उंच करणार आहे आणि वळताना मागे राहीन. चांगले शिक्षक लगेच मान डोलावतात. ‘दुखतंय म्हणजे उघडतंय’ असं उत्तर मिळालं तर मांडीच्या स्नायूंबाबत ते एकवेळ मान्य करू, सांध्याबाबत अजिबात नाही. अशा वर्गात गुडघा बरा होईपर्यंत मागच्या रांगेत उभं राहून आपलं आपण करा.

पाच-सहा आठवडे हे नीट करूनही कळ तिथेच असेल तर फिजिओथेरपिस्टकडे जा आणि टिकल्यांचा तो व्हिडिओ सोबत न्या. ‘मी ताई ची करतो’ एवढंच सांगितलं तर समोरच्याच्या डोळ्यांपुढे बागेत सावकाश हात हलवणारी माणसं येतात, आणि एका पायावर अख्खा भार घेऊन किती वेळा वळताय ते त्याच्या लक्षातच येत नाही.